अमेरिकेत पोलिसांनी थांबवलं तर: नव्यानं आलेल्या मराठी माणसासाठी

न्यू जर्सीतल्या कोर्टांत मी मराठी आणि हिंदी दुभाष्याचं काम करते. तिथं एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. समोरचा अधिकारी इंग्रजीत बोलत असतो आणि आपला माणूस मान डोलावत ‘यस, यस’ म्हणत असतो. त्याच्या मनात असतं, ‘हो, ऐकतोय, बोला पुढे.’ पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात मात्र ते ‘हो, मी केलं’ असं उमटतं. पुढे महिनाभरानं तीच चित्रफीत सरकारी वकिलाच्या टेबलावर येते.

दुभाष्याला सल्ला देता येत नाही. चूक डोळ्यांसमोर घडत असली तरी जे बोललं गेलं तेवढंच दुसऱ्या भाषेत सांगायचं, ही शपथ असते. म्हणून कोर्टाबाहेर, कुणाचीही केस न सांगता, हे लिहिते आहे. तुमच्या प्रकरणाला वकीलच लागेल. पण वकील भेटेपर्यंतच्या पहिल्या काही तासांत काय करायचं आणि काय टाळायचं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आधी समोर कोण उभं आहे ते ओळखा

आपल्याकडे भारतीय न्याय संहिता सगळीकडे एकच. इथं ५० राज्यांचे ५० फौजदारी कायदे आणि वर केंद्राचा, म्हणजे फेडरल, कायदा वेगळा. गावाचे पोलीस, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरिफ, हायवेवरचे स्टेट ट्रूपर आणि एफबीआयसारख्या फेडरल संस्था यांची खाती एकमेकांच्या हाताखाली नसतात. शेरिफ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला असतो. खटला चालवणारा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे डीए, हाही बऱ्याच राज्यांत निवडून येतो. त्यामुळे ‘वर कुणाशी तरी बोलून घेऊ’ ही आपली पहिली धाव इथं कुठेच पोचत नाही. पैसे पुढे करण्याचा तर विचारही नको. तिकिटाचं, म्हणजे वाहतूक दंडाच्या पावतीचं, प्रकरण क्षणात लाच देण्याच्या गुन्ह्यात बदलतं.

गुन्ह्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. वर्षभरापेक्षा जास्त शिक्षेचा तो फेलनी, त्याहून हलका तो मिस्डिमीनर. न्यू जर्सीत हे शब्दच नाहीत. तिथं ‘इंडायटेबल’ (गंभीर) आणि ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स’ (हलके) असे वर्ग आहेत. ‘डिसऑर्डर्ली’ ऐकून किरकोळ वाटतं, पण त्यालाही ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी थांबवली तर

मागे लाल-निळे दिवे चमकले की उजवीकडे, सुरक्षित जागी गाडी थांबवा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. काच खाली करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: गाडीतून उतरू नका. आपल्याकडे हवालदारानं शिट्टी मारली की आपण उतरून त्याच्याकडे चालत जातो. त्यात आदर असतो. इथं उतरून चालत येणारा माणूस पोलिसाला धोका वाटतो, कारण या देशात कुणाच्याही कमरेला पिस्तूल असू शकतं. उलट त्यानं ‘उतरा’ म्हटलं तर मात्र उतरावंच लागतं. सुप्रीम कोर्टानं १९७७ सालीच पोलिसांना तो अधिकार दिला आहे.

लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स मागितल्यावर ‘ग्लव्ह बॉक्समध्ये आहेत, काढतो’ असं सांगूनच हात हलवा. ‘मी का थांबवलं, माहीत आहे का?’ हा प्रश्न हमखास यायचा, अजूनही पुष्कळ ठिकाणी येतो. कॅलिफोर्नियात २०२४ पासून कारण आधी पोलिसानं सांगायचं असा कायदा आहे. प्रश्न आलाच तर ‘नो, ऑफिसर’ एवढंच पुरे. ‘सॉरी, घाईत होतो, ऐंशीच्या वर गेलो असेन’ ही कबुली झाली. ‘सॉरी’ आपल्या तोंडात पानसुपारीसारखा असतो. पोलिसासमोर तो शब्द गिळायला शिका.

गाडीची झडती घेऊ का, असं विचारलं तर नम्रपणे म्हणा, ‘आय डोन्ट कन्सेंट टु अ सर्च.’ तुम्ही नाही म्हणू शकता, हे तुम्हाला सांगायचं बंधन बहुतेक ठिकाणी पोलिसांवर नाही. म्हणून ते आपल्यालाच ठाऊक असायला हवं. नाही म्हटल्यावरही त्यांनी झडती घेतली तर अडवू नका, हात लावू नका. तुमचा नकार कॅमेऱ्यात नोंदला गेला की पुढचं काम वकिलाचं. फोनचंही तसंच. २०१४ च्या ‘रायली विरुद्ध कॅलिफोर्निया’ निकालापासून, अटकेनंतरसुद्धा फोनमधला मजकूर पाहायला साधारणपणे वॉरंट लागतं. तुम्हीच पासकोड सांगितलात तर तो हक्क तुम्हीच सोडून दिलात.

दारूबद्दल स्पष्टच लिहिते. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, युटामध्ये ०.०५. अटकेनंतरची श्वासचाचणी नाकारली तर लायसन्स वेगळं निलंबित होतं. आणि तुम्ही व्हिसावर असाल तर दोषी ठरण्याचीही वाट पाहिली जात नाही. २०१५ पासून नुसत्या अटकेच्या नोंदीवर अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं आणि करतंही. न्यू जर्सीत हा प्रकार राज्याच्या लेखी ‘गुन्हा’ नसून वाहतूक नियमाचा भंग आहे, पण व्हिसा ऑफिसला त्याचं काही नसतं. पार्टीला जाताना टॅक्सीचे ४० डॉलर वाचवू नका.

वेगाचीही एक गोष्ट. न्यू जर्सीहून वॉशिंग्टन, तिथून पुढे व्हर्जिनिया अशी सहल आपल्यातले पुष्कळ जण करतात. व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त गेलात की ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ ठरतं. ते साधं तिकीट नसतं, १२ महिन्यांपर्यंत कैदेचा मिस्डिमीनर असतो. अशा वेळी कोर्टाची तारीख विसरू नका. तारखेला हजर राहिला नाहीत तर तुमच्या नावे वॉरंट निघू शकतं, आणि ते पुढच्या एखाद्या साध्या तिकिटाच्या वेळी किंवा विमानतळावर समोर येतं.

आई-बाबा फिरायला निघतात तेव्हा

फेब्रुवारी २०१५. अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गृहस्थ सकाळी मुलाच्या घराबाहेर फिरत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ‘नो इंग्लिश, इंडिया’ एवढंच ते सांगू शकले. पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं आणि मानेला इजा होऊन शरीर अंशतः लुळं पडलं. त्या अधिकाऱ्यावरच्या फेडरल खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.

आपल्या प्रत्येक सोसायटीत सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा सकाळी असेच फिरतात. त्यांच्या गळ्यात कार्ड द्या: नाव, घरचा पत्ता, तुमचा फोन आणि इंग्रजीत ‘मला इंग्रजी येत नाही, मी मराठी बोलतो’ ही ओळ. कार्ड खिशात नको, गळ्यातच हवं, कारण पोलीस समोर असताना खिशात हात घालणं सगळ्यात धोक्याचं. हाक मारली की थांबायचं, पाठ फिरवून चालू लागायचं नाही, दोन्ही हात दिसतील असे ठेवायचे. हे नुसतं सांगून भागत नाही. एकदा अंगणात करून दाखवा. मी माझ्या सासऱ्यांकडून ते तीनदा करून घेतलं.

तुम्हाला रस्त्यात थांबवलं तर एक प्रश्न विचारा: ‘अ‍ॅम आय फ्री टु गो?’ हो म्हणाले तर शांतपणे निघा. नाही म्हणाले तर थांबा, नाव सांगा, पुढचं बोलू नका. अनेक राज्यांत संशयावरून थांबवल्यावर नाव सांगणं बंधनकारक आहे. १८ वर्षांवरील परदेशी नागरिकानं ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) सारखा नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा, असाही कायदा आहे.

घराच्या दारावर पोलीस आले तर दार न उघडता, ‘न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आहे का?’ असं विचारता येतं. आपण मात्र सवयीनं ‘या ना, आत या’ म्हणतो. त्या दोन शब्दांनी घरात शिरण्याची परवानगी दिली जाते.

अटक झाली: गप्प राहणं हेच काम

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. भारतात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ तेच सांगत होतं, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाचं कलम २३ ही तेच सांगतं. आपल्या हाडात ते मुरलेलं आहे: चौकीत काय वाटेल ते बोला, खरं ते कोर्टात. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. पोलिसांपुढे, गाडीत, कॉरिडॉरमध्ये बोललेलं प्रत्येक वाक्य तुमच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतं.

१९६६ च्या ‘मिरांडा विरुद्ध अ‍ॅरिझोना’ निकालानं गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क चौकशीआधी सांगणं पोलिसांवर बंधनकारक केलं. पण हक्क वाचून दाखवले नाहीत म्हणून केस पडते, हा समज चुकीचा आहे. ताब्यात घेऊन प्रश्न विचारले तरच तो इशारा लागतो, आणि तो दिला नाही तर साधारणपणे तुमची ती उत्तरं तेवढी पुराव्यातून वगळली जातात.

शिवाय नुसतं गप्प बसून भागत नाही. २०१० आणि २०१३ च्या निकालांनी हे पक्कं झालं की गप्प राहायचंय, हे तोंडानं सांगावं लागतं. वकीलही स्पष्ट शब्दांत मागावा लागतो. १९९४ च्या एका खटल्यात आरोपी म्हणाला होता, ‘कदाचित मी वकिलाशी बोलायला हवं.’ सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही मागणी झाली नाही. आपली मराठी नम्रता अशा ‘कदाचित’नी भरलेली आहे: ‘जमलं तर वकील मिळेल का?’ असं विचारू नका. ही दोन वाक्यं पाठ करा आणि मोठ्यानं म्हणा:

‘आय वॉन्ट टु रिमेन सायलेंट. आय वॉन्ट अ लॉयर.’

वकील मागितला की चौकशी थांबवावी लागते. त्यानंतर आपणहून गप्पा सुरू केल्या तर ते संरक्षण निसटतं. ‘समजावून सांगितलं की त्याला पटेल’ हा मोह फार जबर असतो, विशेषतः निर्दोष माणसाला. मी त्या खोल्यांत बसले आहे. समजावून सांगणारा माणूस तासाभरात स्वतःच्याच दोन विधानांत विसंगती निर्माण करतो, आणि मग ती विसंगतीच केस होते.

आणखी दोन गोष्टी. पोलीस तुमच्याशी खोटं बोलू शकतात. ‘तुझ्या मित्रानं सगळं सांगितलंय’ असं धादांत खोटं सांगण्याला सुप्रीम कोर्टानं १९६९ मध्ये हरकत घेतली नाही. तुम्ही मात्र फेडरल अधिकाऱ्याशी खोटं बोललात तर तो स्वतंत्र गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैदेचा. तेव्हा पर्याय दोनच: खरं किंवा गप्प.

इंग्रजी अडतं तर ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा. भाच्याला किंवा शेजाऱ्याला बोलवू नका. तो ‘तसं झालं असेल’चं ‘तसं झालं’ करतो आणि त्याला कळतही नाही.

बुकिंग, फोन आणि जामीन

ठाण्यात फोटो आणि बोटांचे ठसे होतात, यालाच बुकिंग म्हणतात. ठसे एफबीआयकडे आणि तिथून इमिग्रेशन खात्याकडे जातात. म्हणजे अटक लपत नाही, हे गृहीत धरूनच पुढचं पाऊल टाका. कपडे उतरवून झडतीही होऊ शकते. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत, मूळच्या महाराष्ट्रातल्या देवयानी खोब्रागडे यांना व्हिसा अर्जातल्या माहितीवरून अटक झाली. त्यांची अशी झडती घेतली गेली तेव्हा भारतात संतापाची लाट उसळली होती. त्याच्या आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं, तुरुंगात इतर कैद्यांत मिसळणाऱ्या कुणाचीही, किरकोळ गुन्हा असला तरी, अशी झडती घेता येते असा निकाल दिला होता. अपमान होतो. पण तिथं हातापायी करू नका, त्यानं नवा गुन्हा लागतो.

कोठडीतून केलेला फोन रेकॉर्ड होतो. मराठीत बोललं की कुणाला कळणार नाही, असं समजू नका. ती ध्वनिफीत माझ्यासारख्याच कुणाकडे भाषांतराला येते. घरी फक्त एवढं सांगा: मी कुठं आहे, वकील शोधा, माझ्या औषधांची नावं ही. निदान एक नंबर तोंडपाठ असू द्या, कारण मोबाइल काढून घेतलेला असतो.

‘इंडियन कॉन्सुलेटला कळवा’ असंही सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो तुमचा हक्क आहे, पण भारतीयांच्या बाबतीत तो मागितल्यावरच मिळतो, आपोआप कळवलं जात नाही. वाणिज्य दूतावास वकिली करत नाही, मात्र घरच्यांशी संपर्क आणि वकिलांची यादी याला मदत होते.

वॉरंटविना अटक असेल तर साधारण ४८ तासांत न्यायाधीशानं अटकेला आधार आहे की नाही हे तपासायचं असतं. पहिल्या हजेरीत आरोप सांगतात आणि जामिनाचं ठरतं. इथं राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. न्यू जर्सीत २०१७ पासून पैशांचा जामीन जवळजवळ संपला, इलिनॉयनं सप्टेंबर २०२३ मध्ये तो पूर्ण बंद केला. बऱ्याच इतर राज्यांत अजून रक्कम भरावी लागते. कोर्टात थेट पूर्ण रक्कम भरली तर केस संपल्यावर ती परत मिळते (फी-दंड वजा जाता). तुमच्या वतीनं जामिनाची हमी देणाऱ्या बेल बाँड कंपनीकडे गेलात तर साधारण १० टक्के द्यावे लागतात आणि ते कायमचे गेले. १०,००० डॉलरच्या जामिनावर १,००० डॉलर, निर्दोष सुटलात तरीही. घरच्यांनी घाबरून पहिल्या तासात बाँडवाल्याकडे धावू नये. आधी वकिलाला विचारावं, कारण रक्कम कमी करून मागता येते.

‘मी केस मागे घेते’

हे वाक्य मी भाषांतरित केलं की कोर्टात शांतता पसरते. नवरा-बायकोचं भांडण, आवाज चढलेला, हात उगारलेला, घाबरून ९११ ला, म्हणजे पोलिसांच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन. खरा मार खाणाऱ्या बाईनं तो फोन जरूर करावा, जीव आधी. पण फोननंतर काय होतं हे दोघांनाही माहीत हवं. अनेक राज्यांत मारहाणीची खूण दिसली की कुणालातरी अटक करणं पोलिसांना सक्तीचं आहे. सकाळी राग निवळला तरी तक्रार तुमची राहत नाही. खटला ‘राज्य विरुद्ध’ असतो आणि तो मागे घ्यायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. कोर्ट संपर्कबंदीचा आदेश देतं. बायकोनंच ‘घरी या’ असा मेसेज केला आणि नवरा गेला, तरी आदेश त्यानंच मोडला. कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरणं किंवा असा आदेश मोडणं, दोन्हींवरून ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. मुलाला मारल्याचा वळ शाळेत दिसला तर ते सरकारी यंत्रणेला कळवणं शिक्षकांवर बंधनकारक असतं. त्यात त्यांचं तुमच्याशी वैर नसतं.

दुकानातली चोरीही अशीच हलक्यात घेतली जाते. सेल्फ-चेकआउटला ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात राहिलेली वस्तू असो की मुद्दाम न स्कॅन केलेली, दुकानाच्या कॅमेऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. इमिग्रेशन कायद्यात चोरी ही नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत धरली जाते. पावती हातात ठेवा, ट्रॉली बाहेर नेण्याआधी एकदा तळाशी बघा. आणि गांजा: अनेक राज्यांत दुकानात मिळतो, पण फेडरल कायद्यात तो बेकायदाच आहे आणि इमिग्रेशन फेडरल आहे. नागरिक होईपर्यंत हात लावू नका.

दोन वकील आणि एक सही

वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यायचा, हा हक्क १९६३ साली क्लॅरेन्स गिडियन या फ्लोरिडातल्या कैद्यानं तुरुंगातून पेन्सिलीनं लिहिलेल्या अर्जावरून प्रस्थापित झाला. पब्लिक डिफेंडर म्हणजे दुय्यम दर्जाचा वकील, हा आपल्यातला समज मला मान्य नाही. त्या कोर्टाची नस त्यांच्याइतकी फार थोड्यांना माहीत असते. कमतरता असते ती वेळेची. पण तुम्ही नागरिक नसाल तर फौजदारी वकिलाच्या जोडीला इमिग्रेशनचा वकील घ्याच, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावा.

याचं कारण प्ली, म्हणजे सरकारी वकिलाशी तडजोड करून दिलेली गुन्ह्याची कबुली. नानावटी खटल्यामुळे ज्युरी हा शब्द आपल्याला परिचित आहे, पण इथल्या फार थोड्या केसेस ज्युरीपर्यंत जातात. सुप्रीम कोर्टानंच २०१२ मध्ये नोंदवलं की फेडरल शिक्षांपैकी ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के गुन्हा कबूल केल्यानं होतात. सरकारी वकील म्हणतो, ‘हा हलका आरोप मान्य कर, तुरुंग नाही, दंड भर, वर्षभर नीट वाग, केस निघून जाईल.’ आपल्या माणसाला सोमवारी ऑफिस गाठायचं असतं. तो सही करतो.

‘केस निघून जाईल’ हे राज्याच्या कोर्टापुरतं खरं असतं. १९९६ पासूनच्या इमिग्रेशन कायद्यात, तुम्ही गुन्हा कबूल केला आणि कोर्टानं कुठलंही बंधन घातलं, म्हणजे प्रोबेशन, वर्ग, समाजसेवा, तर ती ‘दोषसिद्धी’च. नंतर राज्यानं केस काढून टाकली, नोंद पुसली, तरीसुद्धा. होजे पडिला व्हिएतनाम युद्धात अमेरिकेसाठी लढला होता, चाळीस वर्षं इथं कायदेशीर राहत होता. वकिलानं त्याला सांगितलं, काळजी नको, आणि त्यानं गांजाच्या वाहतुकीचा गुन्हा कबूल केला. समोर हद्दपारी उभी राहिली. त्याच्याच खटल्यात २०१० साली ठरलं की कबुलीनं हद्दपारी होऊ शकते का, हे वकिलानं अशिलाला सांगितलंच पाहिजे. म्हणून सहीआधी वकिलाला विचारा: या कलमामुळे माझ्या व्हिसाचं काय होईल? गुन्हा कबूल न करता डायव्हर्जन, म्हणजे खटल्याऐवजी देखरेखीचा कार्यक्रम, मिळतो का? न्यू जर्सीतलं प्रीट्रायल इंटरव्हेन्शन हा असाच कार्यक्रम बऱ्याच प्रकरणांत कबुली मागत नाही. उत्तर लेखी घ्या. तारीख पुढे मागा. न्यायाधीश ‘तुला समजलं का?’ विचारतात तेव्हा समजलं नसेल तर ‘नो’ म्हणा. तो प्रश्न उपचार म्हणून विचारलेला नसतो. तुमच्या ‘यस’वर सगळं अवलंबून असतं.

शिक्षेबद्दल थोडक्यात: खटल्याआधीचे आणि छोट्या शिक्षेचे कैदी काउंटीच्या जेलमध्ये, मोठ्या शिक्षेचे राज्याच्या किंवा फेडरल प्रिझनमध्ये. प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, पॅरोल म्हणजे तुरुंगातून लवकर सुटून देखरेख. नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोलच नाही. प्रोबेशनवर असताना राज्याबाहेर लग्नालाही परवानगीशिवाय जाऊ नका.

केस संपली, निर्दोष सुटलात किंवा आरोप मागे घेतले गेले, की कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाच्या प्रमाणित प्रती मागून घ्या, निदान पाच. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असं विचारतात, आणि केस सुटली असली तरी उत्तर ‘हो’च द्यायचं असतं. मुंबईतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाच्या खिडकीवर त्या प्रती लागतील. नोंद पुसून घ्यायचा अर्ज करणार असाल तर प्रती त्याआधी घ्या, कारण नंतर त्याच कार्यालयातून तो कागद मिळवणं फार अवघड जातं.